ऑलिव्हिया माइल्सने दगा कुणाला दिला?

२९ मार्च २०२५ला अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅममध्ये, कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय महिला स्पर्धेत, टीसीयूने (टेक्सस ख्रिश्चन युनिव्हर्सिटी) नोटर डेम विद्यापीठाला ७१-६२ असं हरवलं आणि नोटर डेमच्या मुलींचा सीझन शेवटच्या सोळा संघांतच आटोपला. फेब्रुवारीत हाच संघ सलग १९ सामने जिंकून अमेरिकेतल्या कॉलेज संघांत पहिल्या क्रमांकावर पोचला होता, त्यामुळे हार फार जिव्हारी लागली. ते दुःख ओसरायच्या आत, दोनच दिवसांनी बातमी आली. नोटर डेमची पॉइंट गार्ड, म्हणजे संघाचा खेळ चालवणारी, ऑलिव्हिया माइल्स डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टला, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीलाही, जाणार नाही आणि नोटर डेममध्येही राहणार नाही. ड्राफ्टमध्ये दुसरं नाव तिचंच पुकारलं जाईल असा बहुतेक जाणकारांचा अंदाज होता. तो मान सोडून ती ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, गेली आणि एप्रिलमध्ये तिने नवं कॉलेज निवडलं. ते टीसीयूच होतं.

चाहत्यांमध्ये जे रणकंदन माजलं ते समजण्यासारखं आहे. ज्यांनी आपल्याला घरी पाठवलं त्यांच्याच दारात ही गेली, हा घाव पहिला. मग आरोप सुरू झाले. पैशासाठी गेली. ड्राफ्टला घाबरली. संघातल्या दुसऱ्या गार्डशी, हॅना हिडाल्गोशी, पटत नव्हतं म्हणून गेली. दुखापतीत कॉलेजने सांभाळलं ते विसरली. दुसऱ्या बाजूचे लोक तेवढ्याच त्वेषाने सांगत होते की आयुष्य तिचं आहे, तुम्हाला काय करायचंय.

मी नोटर डेमची चाहती आहे. २०१८ साली अरिके ओगुनबोवालेने उपांत्य आणि अंतिम असे दोन्ही सामने शेवटच्या सेकंदाला बास्केट करून जिंकून दिले, तेव्हापासून हा संघ माझा आहे. माइल्स जायला नको होती असं मला मनापासून वाटलं. तरीही माझं म्हणणं असं आहे की तिने कुणालाही दगा दिलेला नाही. दगा द्यायला आधी दोन्ही बाजूंनी काहीतरी बोली झालेली असावी लागते. कॉलेजच्या खेळात आजवर बोली एकाच बाजूकडून घेतली गेली, आणि ती बाजू नेहमी खेळाडूची होती.

आधी तिने काय दिलं ते पाहू. जानेवारी २०२१मध्ये, शाळेचं शेवटचं वर्ष लवकर संपवून, ती नोटर डेममध्ये दाखल झाली. मार्च २०२२मध्ये एनसीएए स्पर्धेत, म्हणजे कॉलेजांच्या त्याच राष्ट्रीय स्पर्धेत, मॅसॅच्युसेट्सविरुद्ध तिने १२ गुण, ११ रिबाउंड (परतलेले चेंडू पकडणं) आणि ११ असिस्ट (सहकारी मुलीला बास्केट करून देणारे पास) अशी ट्रिपल-डबल, म्हणजे तिन्ही आकडे दोन अंकी, केली. पहिल्या वर्षाच्या खेळाडूने या स्पर्धेत असं करण्याची ती पहिलीच वेळ होती, मुलांची स्पर्धा धरूनसुद्धा. आकड्यांपेक्षाही तिचे पास बघायला लोक येत. ती धावत येते, मान उजव्या कोपऱ्याकडे, बचाव करणारी तिच्या नजरेमागे सरकते, आणि तेवढ्यात चेंडू डावीकडून कापत आलेल्या सहकारी मुलीच्या हातात बास्केटखाली पडलेला असतो. त्या मुलीला फक्त उडी मारायची असते. दुसरीला सोपं करून देणं हाच तिच्या खेळाचा स्वभाव.

२६ फेब्रुवारी २०२३ला लुइव्हिलविरुद्ध तिच्या गुडघ्यातलं एसीएल हे लिगामेंट फाटलं. पुढचा सगळा सीझन तिने बाकावर बसून काढला. ती परतली तेव्हा संघ हिडाल्गोभोवती उभा राहिला होता आणि तो तसा राहणं स्वाभाविकच होतं, कारण हिडाल्गो असामान्य आहे. माइल्सने त्या सीझनमध्ये सामन्यामागे १५पेक्षा जास्त गुण आणि जवळपास सहा असिस्ट दिले. दुखापतीत कॉलेजने उपचार केले हे खरं. पण तो गुडघा कॉलेजसाठी खेळतानाच गेला होता. उपचाराला उपकार म्हणायचं आणि उपकाराची परतफेड म्हणून आणखी एक वर्ष मागायचं, हा हिशेब मला पटत नाही.

आता पैशाचं. समजा, ती पैशासाठीच गेली. मग? २०२५च्या ड्राफ्टमधल्या पहिल्या चार मुलींचा पहिल्या वर्षाचा पगार ठरलेला होता, ७८,८३१ डॉलर. पाच-सहा वर्षं घासून, देशातल्या सर्वोत्तम चौघींत येऊन मिळणारी ही रक्कम अमेरिकेत चांगल्या नोकरीला लागलेल्या नव्या इंजिनिअरच्या आसपासची. शिवाय नवख्या खेळाडूचा करार तीन वर्षांचा आणि चौथं वर्ष संघाच्या मर्जीवर. खेळाडूंच्या संघटनेने ऑक्टोबर २०२४मध्येच लीगबरोबरच्या जुन्या सामूहिक करारातून बाहेर पडायचं ठरवलं होतं आणि तो करार २०२५च्या सीझननंतर संपणार होता. नवे पगार बरेच वाढतील अशी सगळ्यांची अपेक्षा होती. अशा वेळी जुन्या दराने सही करण्यापेक्षा एक वर्ष थांबणं हा साधा व्यवहार आहे. थांबायचं ते कॉलेजात, जिथे १ जुलै २०२१पासून खेळाडू स्वतःच्या नावावर आणि प्रसिद्धीवर कमावू शकतात, आणि जून २०२५मध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठंही त्यांना थेट पैसे देऊ शकतात. आपल्या घरातली मुलगी हा विचार करून आली असती तर आपण तिला शहाणी म्हटलं असतं.

वेळापत्रकही बघावं. कॉलेजची अंतिम लढत ६ एप्रिलला, ड्राफ्ट १४ एप्रिलला आणि व्यावसायिक सीझन १६ मेला सुरू. नोव्हेंबरपासून खेळत असलेल्या मुलीला शरीर सावरायला जेमतेम महिना. त्यातही डब्ल्यूएनबीएमध्ये त्या वर्षी तेरा संघ, एका संघात जास्तीत जास्त बारा जणी. ड्राफ्टमध्ये नाव आलेल्या कित्येक मुली सराव शिबिरातूनच परत पाठवल्या जातात. दुसऱ्या क्रमांकाची खेळाडू अशी परत येत नाही, हे मान्य. पण सांध्याची मोठी शस्त्रक्रिया झालेल्या, २२ वर्षांच्या खेळाडूने अजून एक वर्ष मागितलं तर त्याला भित्रेपणा म्हणणारे लोक स्वतःच्या मुलांना नोकरीआधी पदव्युत्तर शिक्षणाला पाठवताना असा शब्द वापरत नाहीत.

निष्ठेचा प्रश्न मात्र मला टाळायचा नाही, कारण चाहत्यांचं खरं दुखणं तिथेच आहे. म्हणून या सगळ्या व्यवस्थेत बाकीचे लोक किती निष्ठावंत आहेत ते बघू. टीसीयूचे कोच मार्क कॅम्पबेल २०२३मध्ये सॅक्रमेंटो स्टेटहून आले. तिथे दोनच वर्षं होते, संघाला पहिल्यांदा एनसीएए स्पर्धेत नेलं आणि लगेच मोठ्या कॉलेजने बोलावलं म्हणून गेले. कोच किम मल्कीने २१ सीझननंतर २०२१मध्ये बेलर सोडून लुइझियाना स्टेट धरलं. ज्या मुली त्यांच्या भरवशावर बेलरला आल्या होत्या, त्यांतल्या पुष्कळशा तिथेच राहिल्या. कोचने दुसरीकडे सही केली की त्याच्याकडे कर्तबगारीची पुढची पायरी म्हणून पाहिलं जातं.

विद्यापीठांचंही तेच. २०२४ साली पॅसिफिक किनाऱ्यावरची शंभरेक वर्षांची कॉन्फरन्स, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या कॉलेजांचा गट, जवळजवळ मोडली, कारण टीव्हीचा पैसा दुसरीकडे जास्त होता. यूसीएलए आणि यूएससी मिडवेस्टच्या बिग टेनमध्ये गेली. कॅलिफोर्नियातलं स्टॅनफर्ड अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्समध्ये आलं. आता तिथल्या मुली एका सामन्यासाठी अख्खा देश ओलांडतात आणि परीक्षेचा अभ्यास विमानात करतात. नोटर डेमनेही २०१३मध्ये बिग ईस्ट ही कॉन्फरन्स सोडली. खेळाडूला न विचारता तिचं कॉलेज ट्रान्सफर होऊ शकतं, आणि ती स्वतः झाली की तिच्या चारित्र्यावर चर्चा होते.

जुन्या नियमांची आठवण काढून हळहळणारे चाहते बरेच आहेत, तर ते नियम काय होते तेही सांगायला हवं. १९७३पासून २०१२पर्यंत स्कॉलरशिप एकेका वर्षाची असे, दरसाल नव्याने द्यायची की नाही हे कॉलेज ठरवणार. २०१८पर्यंत दुसऱ्या कॉलेजशी बोलायचं तर आधीच्या कॉलेजची परवानगी लागे आणि कोच ठरावीक कॉलेजांची दारं बंद करू शके. आणि २०२१पर्यंत बास्केटबॉलमध्ये कॉलेज बदलणाऱ्या मुलीला एक वर्ष बाहेर बसावं लागे. खेळायला मिळत जेमतेम चार सीझन, आणि मध्येच एक अख्खं वर्ष शिक्षा म्हणून बाहेर काढायचं. या काळात लोक निष्ठेमुळे थांबत होते असं म्हणणं धाडसाचं आहे. पुष्कळजणी दार बंद होतं म्हणून थांबल्या.

तेव्हाही जाणाऱ्या जात होत्याच. २००८ साली एलेना डेल डोन ही त्या वर्षीची सर्वात गाजलेली शालेय खेळाडू कनेटिकटला पोचली आणि दोन दिवसांत घरी परतली. तिची मोठी बहीण लिझी जन्मतः अंध आणि बधिर आहे, तिला सेरेब्रल पाल्सी आहे. बहिणीला फोनवर आवाज ऐकवता येत नाही, चेहरा दाखवता येत नाही. स्पर्शाने आणि वासानेच ती ओळखते. एलेना घराजवळच्या डेलावेअरला गेली, पहिलं वर्ष व्हॉलीबॉल खेळली, मग बास्केटबॉलकडे वळली आणि पुढे दोनदा डब्ल्यूएनबीएची सर्वोत्तम खेळाडू ठरली. त्या वेळी तिच्याबद्दलही लोक वाटेल ते बोलले होते. दबाव सोसला नाही, एवढाच बहुतेकांचा निष्कर्ष होता. बाहेरून कारण कधीच पूर्ण दिसत नाही, हे मला त्या प्रकरणाने कायमचं शिकवलं.

म्हणूनच माइल्स आणि हिडाल्गोच्या भांडणाच्या ज्या कहाण्या रंगवल्या गेल्या त्यांचा मला राग येतो. दोन उत्तम गार्ड एका संघात असल्या की चेंडू कुणाच्या हातात किती वेळ, हा खेळातला खरा प्रश्न असतो आणि त्यावर तासभर बोलता येईल. पण मुली खेळत असल्या की तो प्रश्न बघता बघता सासू-सुनेच्या मालिकेसारखा मांडला जातो. एखादा मुलगा कॉलेज बदलतो तेव्हा त्याला खेळायला किती मिनिटं मिळतील, नव्या कोचची पद्धत कशी आहे, यावर बोलणं होतं. मुलीच्या बाबतीत ती कुणावर जळत होती, याचा शोध सुरू होतो. महिलांचा खेळ मोठा झाला म्हणून आनंद मानायचा, २०२४चा महिलांचा अंतिम सामना पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त लोकांनी पाहिला म्हणून छाती फुगवायची, आणि खेळाडूंच्या निर्णयांकडे मात्र व्यावसायिक निर्णय म्हणून बघायचं नाही, हे चालणार नाही.

आपल्या लोकांना हा वाद परका वाटू नये. माइल्सच्या बातमीच्या आसपासच, एप्रिल २०२५मध्ये, यशस्वी जयस्वालने मुंबई सोडून गोव्याकडून खेळण्यासाठी ना-हरकत प्रमाणपत्र मागितलं. नेतृत्वाची संधी हे त्याने दिलेलं कारण. मेमध्ये त्याने विनंती मागे घेतली, पण मधल्या काळात मुंबईने घडवलं आणि हा निघाला, असं किती जणांनी म्हटलं ते आठवून बघा. उलट महिला बास्केटबॉलमध्ये एखादी चांगली खेळाडू रेल्वेत नोकरी लागली म्हणून राज्याचा संघ सोडून रेल्वेकडून खेळू लागते तेव्हा तिला कुणी फितूर म्हणत नाही. पेढे वाटतात. तिच्या पोटापाण्याचा प्रश्न आपल्याला दिसतो, कारण तो आपल्या घरात येऊन गेलेला असतो.

काही जण म्हणतात, पुढे काय होतं ते बघू, मग ठरवू. हेही मला मान्य नाही. हेली व्हॅन लिथ ही गार्ड तीन वर्षं लुइव्हिलला खेळली, मग लुइझियाना स्टेटला गेली. तिथे तिचा जम बसला नाही आणि तिची यथेच्छ टिंगल झाली. मग ती टीसीयूला आली, बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्सची सर्वोत्तम खेळाडू ठरली आणि त्या मार्चच्या सामन्यात नोटर डेमविरुद्ध २६ गुण तिनेच केले. एकाच मुलीला एका एप्रिलमध्ये भटकी म्हटलं आणि पुढच्या एप्रिलमध्ये धोरणी. निर्णय घेताना हातात असलेली माहिती आणि समोर असलेल्या गरजा, यांवरच तो तोलला पाहिजे. माइल्सला गार्डच्या हातात चेंडू सोपवणारा कोच हवा होता, आणि टीसीयूच्या कॅम्पबेल यांनी तिच्या डोळ्यांसमोर एका गार्डचं करिअर सावरलं होतं. तेही तिच्याच संघाला हरवून.

इथवर मी तिच्या बाजूने बोलले. पण पोर्टलच्या बाजूने सरसकट बोलायची माझी तयारी नाही, कारण माइल्ससारख्या मूठभर मुलींचं भलं झालं म्हणून सगळ्यांचं होतं असं नाही.

टीसीयूचीच गोष्ट घ्या. जानेवारी २०२४मध्ये इतक्या खेळाडू जायबंदी झाल्या की संघ उभा करता येईना. दोन सामने सोडून द्यावे लागले. शेवटी कॉलेजने आपल्याच विद्यार्थिनींसाठी खुली निवड चाचणी ठेवली. वर्ग, प्रयोगशाळा, वसतिगृह यांतून मुली आल्या, कुणी शाळेनंतर चेंडूला हात लावलेला नव्हता. त्यांतून चार जणींना घेतलं, एक तर व्हॉलीबॉल संघातली होती. त्यांच्यामुळे सीझन पुरा झाला. अवघ्या चौदा महिन्यांत तेच कॉलेज पोर्टलमधून आणलेल्या तयार खेळाडूंच्या जोरावर शेवटच्या आठांत पोचलं. कॅम्पबेल यांच्या कौशल्याला दाद द्यायलाच हवी. पण अशी झटपट उभारणी जिथे होते तिथे बाकावरच्या सातव्या, आठव्या मुलीला कुणीतरी सांगितलेलं असतं की तुझी जागा आता उरलेली नाही. कागदावर ती स्वतः पोर्टलमध्ये गेलेली असते. बारावीतून येणाऱ्या मुलींनाही जागा कमी, कारण कोचला आता २२ वर्षांची अनुभवी खेळाडू मिळते. तीन कॉलेजं बदललेल्या मुलीचे सगळे विषय नव्या कॉलेजात धरले जातीलच असं नाही, आणि पदवी लांबते. व्यावसायिक खेळाडू होणाऱ्या थोड्या, पदवीवर पोट भरणाऱ्या बाकी सगळ्या. २०२४च्या एप्रिलपासून अभ्यासात पात्र असलेली खेळाडू कितीही वेळा कॉलेज बदलू शकते, पण त्या प्रत्येक वेळी तिच्या पदवीचं काय, हा प्रश्न उरतोच.

तेव्हा चाहत्यांनी रागवायचं तर इथे रागवावं. त्या वर्षी पोर्टलची मुदत स्पर्धा चालू असतानाच सुरू झाली. संघ शेवटच्या सोळांत खेळतो आहे आणि खेळाडूचा फोन दुसऱ्या कॉलेजांच्या निरोपांनी वाजतो आहे. या वेळापत्रकात माइल्सने दोन दिवसांत निर्णय जाहीर केला म्हणून तिला घाईची म्हणणं अन्यायाचं आहे. मुदत अंतिम सामन्यानंतरच सुरू व्हायला हवी होती. एका कॉलेजात पूर्ण केलेले विषय दुसऱ्याने धरलेच पाहिजेत आणि खेळून झाल्यावर पदवी पुरी करण्याचा खर्च शेवटच्या कॉलेजने उचलावा.

आणि खेळाडूने थांबावं असं वाटत असेल तर तिच्याशी करार करावा. दोन वर्षांचा, तीन वर्षांचा, दोन्ही बाजूंना बांधणारा. तिने मध्ये सोडलं तर तिने भरपाई द्यावी, कॉलेजने तिला बाकावरून हुसकावलं किंवा तिला आणणारा कोच निघून गेला तर कॉलेजने द्यावी. असा कागद असता आणि माइल्सने तो मोडला असता तर मीही तिला दोष दिला असता.

विद्यापीठं हे करायला तेव्हा बिचकत होती. पगार, मुदत आणि भरपाई असलेला करार केला तर खेळाडू कर्मचारी ठरेल, मग विमा येईल, कामाचे तास येतील, संघटना येईल, ही त्यांची भीती. डार्टमथच्या मुलांच्या बास्केटबॉल संघाने मार्च २०२४मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी संघटना करायचं ठरवलं होतं. त्यांच्या कॉलेजने मान्यता द्यायला नकार दिला, आणि वर्ष संपता संपता, ३१ डिसेंबरला, त्यांचा अर्ज मागे घेतला गेला. त्यानंतर तीन महिन्यांनी माइल्स पोर्टलमध्ये गेली आणि चाहते तिला विचारू लागले की तुझा शब्द कुठे गेला. तिच्याकडून शब्द मागणाऱ्या कॉलेजांनी तोवर खेळाडूंना बदल्यात असा दोन्ही बाजूंना बांधणारा करार दिलेला नव्हता.